बसलेला घसा

आमच्या शाळेत शुद्ध मराठी बोलायचं कंत्राट कल्पिता केणेकडे आहे. मी शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवते, मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचं 'न नळाचा, ण बाणाचा' मलाही पाठ झालंय. डोंबिवलीतली शाळा, पाचवीच्या वर्गात साठेक पोरं, वर रोज कसली ना कसली माहिती भरा, फोटो पाठवा, निवडणूक आली की घरोघरी फिरा. एवढ्या रगाड्यात आम्ही बाकीच्या 'मी गेलेली, मी आलेली' करून मोकळ्या होतो. कल्पिता नाही. शीळफाट्याजवळच्या आगरी घरातली मुलगी, पण बोलायला लागली की वाटावं, सदाशिव पेठेतच वाढली. मी तिला त्यावरून चिडवायचे. त्यावर ती कधी हसायची नाही.

जूनमध्ये तिच्या वर्गात दिशा भोईर आली. ठाकुर्लीच्या जुन्या गावठाणातली, म्हणजे आगऱ्यांचीच पोर, बोलायला एकदम मोकळी. कल्पिताने विचारलं, घरी कोण कोण असतं? दिशा उभी राहून म्हणाली, "माजी आवस, बापूस आन् आजी." आवस म्हणजे आई. वर्ग खो खो हसला. हसणारच, पोरं ती. पण कल्पिताही हसली. वर म्हणाली, "अगं, आवस काय, अमावस्या आहे का? आई म्हण. शाळेत हे असलं बोलायचं नाही."

भिंतीपलीकडून मी ऐकलं ते. पोरांना काय, आयतं कोलीत मिळालं. त्या दिवसापासून दिशाचं नाव अमावस्या पडलं आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं. कल्पिता स्टाफरूममध्ये म्हणायची, "शांत मुलगी आहे, पण भाषा किती सुधारली बघ." मी म्हटलं, न बोलणाऱ्याची भाषा सुधारायला काय लागतं? तिला राग आला.

सप्टेंबरात आजी-आजोबा दिवस झाला. एकेका आजीने उठून गोष्ट नाहीतर गाणं म्हणायचं. दिशाची आजी, सखुबाई, हिरवं नऊवारी लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसलेली. तिची पाळी आली तेव्हा दिशाच उभी राहिली. "टीचर, माझ्या आजीला बोलता येत नाही." एकही चूक नाही वाक्यात. सखुबाईने हात जोडले आणि मान खाली घातली. कल्पिताला गहिवरून आलं. तिने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि पालकांच्या ग्रुपवर म्हातारीचा फोटो टाकला, 'न बोलताही माया करणारी आजी'.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी ठाकुर्लीच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो. तिथे एक बाई कोळणीशी अशी काही भांडत होती की सगळा बाजार थांबून बघत होता. बोंबील शिळे की ताजे, यावरून तिने कोळणीच्या सात पिढ्यांचे पूर्वज उठवले. जवळ गेलो तर सखुबाई.

तिने कल्पिताला पाहिलं आणि पदर तोंडावर दाबला. आता मी कल्पिताला ओळखते, ती भडकणार, खोटं बोललात म्हणणार. पण ती म्हातारीच्या पुढ्यात जाऊन अगदी हळू म्हणाली, "आजे, तुना तं बोलता येतं गो." इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होते.

सखुबाईने आजूबाजूला पाहिलं, नात तर येत नाही ना. "कोनाला बोलू नको बाय. शालेन मी मुकीच बरी. माज्या बोलन्याला पोरा हसतान, मंग तिला रडू येतं." वर कल्पिताचा हात धरून म्हणाली, "तिला मारू नको हां. मीच तिला हो बोलले."

कल्पिताने मासळी घेतलीच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? स्टेशनपर्यंत ती एवढंच म्हणत राहिली, "मी हसले गं, ताई. मुलांचं सोड, मी हसले."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं, "मी आगरी आहे. माझ्या घरी आईला आवस म्हणतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही." पोरं हसलीच, तितक्याच जोरात. मधल्या सुट्टीत दिशा तिच्या टेबलाशी गेली. "टीचर, कशाला सांगितलं? आता तुम्हाला पण चिडवतील." राग नव्हता त्यात, काळजी होती. कल्पिता ते मला सांगताना रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, तू माझ्या बाळाच्या बारशाला आमच्या घरी आली होतीस. तेव्हा माझी आई तुझ्याशी का बोलली नाही, आठवतं?"

आठवत होतं. आई आतल्या दाराशी उभी होती, नुसती हसत. कल्पिता म्हणाली होती, आईचा घसा बसलाय. मी तर घरी जाऊन ज्येष्ठमधाची पुडी पाठवली होती.

"कधीच बसला नव्हता," कल्पिता म्हणाली. तिने तिथेच फोन लावला. "आये, शनवारी माजे शालेन ये. माजे वर्गान पोरांना तुजी गानी सांग. हलदीची, तू बोलतस ती."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे भांडी वाजत होती.

"नको गो बाय," आई म्हणाली. "माजा घसा बसलाय ना."