गाडीचं पोट

सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकाआधी बाबांनी ताईला गाडी थांबवायला लावली आणि काठी टेकत ते खाली उतरले. मी गॅलरीतून पाहत होतो.

"अहो बाबा, बसा ना! ही आपल्याकडची गाडी आहे, हिचं पोट नाही घासत," ताई काच खाली करून ओरडली.

बाबा ओशाळले. "अगं हो की! सवय झाली बघ."

ती सवय माझ्यामुळे लागली. माझी सेडान परदेशातून आलेली. हायवेवर पाय नुसता टेकवला की पाठ सीटला चिकटते. ताईच्या देशी सेडानचा वेगही काही कमी नाही, पण ती बनवणाऱ्यांनी आपले रस्ते पाहिलेत. माझी इतकी बुटकी, की माणसं बसली की गतिरोधकावर खाली घासते. पहिल्यांदा घासली तेव्हा माझ्या तोंडून 'च्च' निघालं, एवढंच. बाबांना उतरा असं मी कधी म्हटलं नाही. उतरू नका, असंही म्हटलं नाही. गाडी पलीकडे नेऊन थांबायचो आणि आरशात त्यांना चालत येताना बघायचो. वेगाचं कौतुक चारचौघांत सांगताना एवढं मात्र गाळायचो.

संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. गतिरोधक आला तसा त्यांचा हात दाराकडे गेला.

"बसा बाबा."

"अरे, घासेल."

"घासू दे."

मी गाडी हळूच पुढे घेतली. शेजारी बाबांनी दोन्ही हात सीटवर रोवले आणि श्वास रोखून स्वतःला जरासं वर उचलून धरलं. तेवढाच भार कमी.