काटेवाडीच्या समुद्रातलं शेवाळ

काटेवाडीला समुद्र नाही, हे माझ्या लेकासाठी, अमोलसाठी, मुलगी बघायला गेलो तेव्हाच मी चहा पिता पिता स्पष्ट सांगितलं होतं.

मुलगी अलिबागकडची. तिच्या घराच्या मागच्या दारातून लाटा दिसायच्या. मी तिच्या आईला म्हटलं, "आमच्याकडं ऊस हाय, भाजीपाला हाय, गोठा हाय, कालवा हाय. समुद्र तेवढा न्हाय." मुलगी हसून म्हणाली, "चालेल." चालेल म्हणायला काय जातंय हो! लग्न होऊन सायली आमच्या घरात आली आणि रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेला जाऊन बसायला लागली. कालव्याला कुठल्या आल्यात लाटा? धरणातून आवर्तन सुटलं तर पाणी, नाहीतर नुसता चिखल. पोरगी त्या चिखलाकडं बघत बसायची.

शेवटी आमच्या अमोलनं एक दिवस पुण्याहून भलीमोठी काचेची पेटी आणून बैठकीच्या खोलीत मांडली. मला राग आला. (मला राग लवकर येतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही कळेलच.) पेटीत खारं पाणी, वर निळा दिवा, तळाला दगड आणि दगडांवर जांभळी, गुलाबी फुलं. ती फुलं नव्हेत, कोरल आहेत, जिवंत प्राणी आहेत, असं सायलीनं समजावलं. काचेवर शंखातल्या गोगलगायी. आणि दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. त्यांची नावं लाडू आणि जिलेबी!

माझा भाऊ इंदापूरचा, उजनीच्या काठावरचा. तो बघायला आला, पेटीत वाकला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "ताई, हे खायचं कधी?"

सायलीचा चेहरा पडला. मी भावाला चहा न देताच वाटेला लावलं. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की पेटी आल्यापासून पोरगी कालव्यावर जायची थांबली होती. पेटीसमोर बसून गुणगुणायची, माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायची. ती रमली, म्हटल्यावर माझा रागही गेला.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि ती बाळंतपणाला माहेरी निघाली. नेमकं त्याच वेळी अमोलला कंपनीनं गुजरातला धाडलं. गाडीत बसताना सायली माझा हात धरून म्हणाली, "आई, माझा समुद्र तुमच्यावर सोपवून चाललेय. दिवसातून एकदा, फक्त चिमूटभर खाणं. पाणी आटलं तर त्या जारमधलं शुद्ध पाणी घालायचं. बाकी काही म्हणजे काही करू नका."

चिमूटभर! आमच्या घरात पहिला घास गाईला जातो, शेवटची भाकरी कुत्र्याला जाते, दारात आलेला माणूस ताटावर बसल्याशिवाय परत जात नाही. आणि मी सुनेच्या लेकरांना चिमटीनं वाढू? मी पेटीजवळ गेले की लाडू-जिलेबी काचेला तोंड लावून आ वासायचे. मी सकाळी एक मूठ घालायचे. आमचे हे, म्हणजे बापूराव, चहा पिताना एक मूठ घालायचे. शेजारची कुसुम दुपारी टीव्ही बघायला आली की म्हणायची, "वैनी, बगा की कशी बगत्यात, उपाशी हाईत जणू!" आणि तीही घालायची. पाहुणे आले तर त्यांच्या हातून घालायला लावणं हा तर मानच होता. पुतण्याच्या सोयरिकीला आलेल्या मंडळींनी शेव घातली. (बारीक शेव होती, मी बघितली.)

पाणीही आटायचं. जार संपले, तेव्हा मी विचार केला, पाणी विकत कशाला आणायचं? आपल्या बोअरला काय धाड भरलीय? ज्या पाण्यावर आमचा ऊस दोन पुरुष उंच होतो, त्या पाण्यावर दोन बोटांचे मासे जगणार नाहीत? ओतल्या बादल्या.

थोड्याच दिवसांत दगडांवर हिरवी लव धरली. मी खूश! कुसुमला हाक मारून दाखवली. "बग कुसुम, माज्या हातचं कदी वाया जात न्हाय. सायलीच्या वक्ताला हिरवं पान दिसलं व्हतं का हितं?"

"न्हाय बाई. तुमच्या हाताला गुणच हाय."

तो गुण नंतर भलताच वाढला. लव गेली आणि तिथं केस आले. हिरवेगार, लांबलचक, पाण्यात हलणारे. दगड दिसेनात. काच दिसेना. फुलं मिटून गेली. लाडू-जिलेबी त्या जंगलातून वाट काढत अधूनमधून दर्शन द्यायचे आणि माझ्याकडं बघून परत आ वासायचे. मला वाटलं, बिचारी घाबरलीत. म्हणून थोडं जास्त घातलं.

आणि रोज सायलीचा व्हिडिओ कॉल. "आई, माझा समुद्र दाखवा ना."

"लाईट गेलीया गं."

"मागं पंखा फिरतोय, आई."

"वाऱ्यानं फिरतोय!" असं म्हणून मी फोन ठेवला. माझ्या घरात शेवाळ! ज्या बाईच्या मोरीत घसरून पडायची कोणाची टाप नाही, तिच्या बैठकीत शेवाळ! मी पदर खोचला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि खांद्यापर्यंत हात घालून घासायला लागले. घासलेलं सगळं पाण्यात पसरलं, हिरवी ताकाची कढी झाली, आणि दोन-चार दिवसांत जिथं शेवाळ नव्हतं तिथंही उगवलं. ते शेतातल्या हराळीच्या गवतासारखं माजलेलं पाहून मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. तुकडा राहील तिथं फुटवा!

बापूराव इतके दिवस लांबून गंमत बघत होते. ते म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? शेततळ्यात शेवाळ आलं की काय करतो आपण?"

"काय?"

"मोरचूद! फडक्यात बांधायचं, पाण्यातनं फिरवायचं. चार दिवसांत शेततळं काचंवानी. हे तर काचंचंच हाय!"

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं, नाही पटलं तर तुम्ही शेतकरी नाही. त्यांनी गोठ्याशेजारच्या खोलीतून मोरचुदाचे निळे खडे आणले, फडक्यात बांधले. कुसुम स्टुलावर चढून वरचा दिवा सरकवायला लागली. हे बाह्या मागे सारून पेटीवर वाकले, पुरचुंडी पाण्याच्या वर एक वीत. आणि फोन वाजला.

सायली. मी कॅमेरा छताकडं धरून उचलला. पण आज ती समुद्र दाखवा म्हणाली नाही. म्हणाली, "आई, बोलावंसं वाटलं म्हणून केला. गंमत बघा ना, इथं दार उघडलं की समोर एवढा समुद्र आहे, आणि मला आपल्या बैठकीतल्या पेटीची आठवण येते. तुम्ही शेजारी शेंगा फोडत बसता, त्याचीपण. आपल्या घरी कधी येते असं झालंय."

आपल्या घरी! लग्न झाल्यापासून ही पोर काटेवाडीला "तुमच्याकडं" म्हणायची. जिनं एवढ्या विश्वासानं सोपवलं, तिला मी पंखा वाऱ्यानं फिरतोय सांगत होते. मला राहवलंच नाही.

"सायले, तुज्या समुद्रात ऊस उगवलाय गं!" मी हंबरडाच फोडला आणि फोन पेटीकडं वळवला.

पलीकडून किंकाळी. "बाबांच्या हातात काय आहे ते निळं?"

"मोरचूद हाय, पोरी," हे प्रेमानं म्हणाले. "आता बग कसं..."

"बाबा, नको! मागं व्हा! त्यात तांबं असतं! कोरल मरतील, गोगलगायी मरतील, सगळं संपेल!"

बापूराव जन्मात एवढ्या चपळाईनं मागं सरकले नव्हते. ते स्टुलाला धडकले, स्टुलावरून कुसुम माझ्या अंगावर आली, मी सोफ्यावर बसले आणि फोन मांडीत पडून ओरडत राहिला, "पडलं का आत? आई, पडलं का?"

नव्हतं पडलं. पुरचुंडी यांनी छातीशी अशी घट्ट आवळली होती, की पांढरा सदरा निळा झाला. मी त्यांना तसंच अंगणात उभं केलं आणि हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी ताकीद दिली.

सायली शांत झाली आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू झाली.

"आई, खाणं किती वेळा घालता?"

"येकदाच! मी येकदा, हे येकदा, कुसुम येकदा. पाव्हणे आले तर त्यांचं येकदा."

"आणि पाणी?"

"आपल्या बोअरचं. गोड हाय."

"आई, आपल्या उसाला काय टाकतो आपण?"

"युरिया... डीएपी..."

"आणि ते झिरपून कुठं जातं?"

अंगणातून यांचा आवाज आला, "आयला! म्हंजी हिनं शेवाळाला खुराक दिला की! वरनं शेणखत, खालनं युरिया! एवढी निगा माज्या उसाची राखली असती तर!"

मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर बोलणार. बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पण पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आई, मला पोट धरून हसता पण येत नाहीये," असं म्हणत ती हसत होती आणि मी डोळे पुसत होते.

मग तिनं फोनवरून उपाय सांगितला. शेवाळ हातानं हळूच उपटायचं, नळीनं बाहेर ओढायचं. बारामतीतून शुद्ध पाण्याचे जार आणायचे, त्यात पेटीचं खास मीठ कालवून थोडं थोडं पाणी बदलायचं. मीठ मोजायला यंत्र होतं. मी आधी चव बघितली, मग यंत्रात बघितलं. आमटीपुरतं माझं ज्ञान ठीक आहे, समुद्रापुरतं नाही, हे कळलं. मग दिवा बंद करून पेटीवर गोधडी टाकायची, कारण उजेड मिळाला नाही की शेवाळाचं बळ जातं.

कुसुम आली आणि कुजबुजत म्हणाली, "वैनी, कोण आजारी हाय? कोण झोपलंय?"

"समुद्र," मी म्हटलं.

सगळ्यात अवघड गेलं ते खाणं. गोधडी काढल्यावरही अगदी चिमूटभर, तेही एक दिवसाआड. लाडू-जिलेबी माझ्याकडं बघून आ वासायचे आणि माझा घास घशाखाली उतरायचा नाही. हे चहाचा कप घेऊन सहज फिरत फिरत पेटीकडं सरकले, की मी लाटणं घेऊन आडवी. कुसुमनं तर गल्लीत सांगून टाकलं, "सून माहेरी गेली आणि हिनं तिची लेकरं उपाशी ठिवल्यात!" जिनं आयुष्यभर लोकांना बळजबरीनं वाढलं, तिची ही कीर्ती!

पण हळूहळू दगड दिसायला लागले. एके सकाळी एक जांभळं फूल अर्धं उघडलं. मी सगळी कामं टाकून त्याच्यासमोर बसून राहिले. भाकरी करपली, तरी उठले नाही.

सायली बाळाला घेऊन आली तेव्हा मी तिला ओवाळलं, आत घेतलं आणि पेटीसमोर उभी राहून सांगितलं, "एक गुलाबी गेलं गं. बाकीची वाचली. जे झालं ते माज्यामुळं झालं." सायली काचेला कपाळ टेकवून आत बघत राहिली. लाडू-जिलेबी आले, आ वासला. मग ती वळली आणि तिनं झोपलेलं बाळ माझ्या ओंजळीत ठेवलं. "आई, याला आता तुम्हीच सांभाळायचं."

आता ती कामावर जाते, तेव्हा नातू दिवसभर माझ्याकडं असतो. त्याचं न्हाणं, झोपणं, रडणं, सगळं निर्धास्त माझ्यावर टाकून जाते पोर. असा विश्वास नशिबानं मिळतो हो. माशांच्या खाण्याचा डबा मात्र कपाटात कुलपात असतो, आणि किल्ली ती बरोबर घेऊन जाते.