बाबांचं डोकं, आईची खरेदी

मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, म्हणून मी केस कापायचं काम शिकायचं ठरवलं.

यात हसण्यासारखं काही नाही. नीट विचार करून ठरवलं होतं. बँकेत बसलं की गिऱ्हाईक समोरून येतं आणि थेट डोळ्यांत बघतं. शाळेत शिकवायचं तर अख्खा वर्ग बघतो. केस कापून घेणारा माणूस मात्र आपल्याकडे पाठ करून बसतो! (त्याच्या समोर आरसा असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

घरी हे सांगितलं तेव्हा आजोबा नव्हते, ते आत्याकडे बरगीला गेले होते. आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"तू? केस कापणार? तू तर दूधवाल्याला 'भैया' म्हणायलासुद्धा मला पुढे करते!"

"केस कापायला बोलावं लागत नाही, बाबा."

बाबांनी थोडा विचार केला आणि अट घातली. "चलो. रविवारी आधी माझे केस काप. चार लोकांत जाण्यासारखं डोकं राहिलं तर कोर्सला जा. नाही तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास. मंजूर?"

मंजूर! मी कितीतरी दिवस व्हिडिओ बघून तयारी केली होती. नवशिक्याला फार सामान लागत नाही. केसांची एक चांगली कात्री, कंगवे, चिमटे, पाण्याची फवाऱ्याची बाटली, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालायचा केप आणि मशीन. त्यातही मशीनच्या तोंडावर बसवायचे प्लास्टिकचे गार्ड सगळ्यात महत्त्वाचे. गार्ड लावला तर केस थोडे तरी राहतात. नाही लावला तर मशीन थेट कातडीपर्यंत जातं.

हे सगळं मला पाठ होतं. फक्त दुकानात जाऊन सांगायचं होतं. म्हणून मी आईला बरोबर नेलं.

गोहलपुरच्या त्या दुकानात सगळे पुरुषच होते. मी आईच्या मागे उभी राहिले. आईनं मशीनचा डबा उघडून घेतला आणि भेंडी निवडावी तशी आतली एकेक वस्तू बाजूला काढायला लागली.

"भैया, ये इतनी सारी कंघियाँ काहे को?"

"दीदी, कंघी नहीं, गार्ड हैं. मशीन में लगते हैं."

"कंघी बहुत हैं हमारे घर में. ये निकालो और दाम कम करो. और ये प्लास्टिक की चादर?"

"वो केप है, दीदी."

"चादरें भी हैं घर में. ये भी निकालो."

मी म्हणाले, "आई, गार्ड..." तेवढ्यात दुकानातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड मिटलं. आईनं वरून टाल्कम पावडरचा एक डबा फुकट मिळवला आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "बघ, अशी करायची असते खरेदी!"

रविवारी सकाळी बाबा अंगणात खुर्चीवर बसले. केपच्या जागी आईनं त्यांच्या अंगाभोवती एक जुनी पांढरी चादर गुंडाळली आणि गळ्याशी गाठ मारली. सुरुवात मी कात्रीनं केली. थोड्या वेळानं मागून बाबांचं डोकं घाटाच्या पायऱ्यांसारखं दिसायला लागलं. ते सारखं करायला मी मशीन घेतलं. गार्ड नव्हताच, म्हणून खाली आईचा कंगवा धरला.

आईच्या कंगव्याला खोबरेल तेल होतं. कंगवा सटकला. मशीन नाही सटकलं! ते मानेपासून टाळूपर्यंत सरळ वर गेलं आणि मागे एक गुळगुळीत रस्ता सोडून गेलं.

"थांबली काहून?" बाबा म्हणाले.

"कुछ नहीं, बाबा."

"मागून हवा लागून राहिली मला."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "अगंबाई! हे काय करून राहिली तू?" मग तिनं जरा मान तिरकी करून बघितलं आणि सल्ला दिला, "दुसऱ्या बाजूलाही एक काढ. जोडी दिसेल."

मी जोडी काढली. जोडी भयंकर दिसली! शेवटी बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सगळंच काढून टाक."

आता आमच्या घमापुरच्या गल्लीत एखाद्या मोठ्या माणसाचं डोकं एका सकाळी अचानक गुळगुळीत झालं, तर त्याचा अर्थ एकच. त्यात त्याचे वडील काही दिवसांपासून दिसत नसतील आणि तो अंगणात पांढरं गुंडाळून मान खाली घालून बसला असेल, तर विचारायचंही काही उरत नाही.

शेजारच्या मिश्रा आंटींनी गच्चीवरून हे बघितलं. डोक्यावर पदर घेऊन त्या आल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले.

"भाभी, हमें तो अभी पता चला. बाबूजी कितने भले आदमी थे! हिम्मत रखो."

आईच्या हातातला कप खाली पडला. मिश्रा आंटींचे दीर बरगीच्या रस्त्यावर बस चालवतात. तिकडची बातमी नेहमी आमच्या आधी त्यांच्या घरी पोचते.

"अहो!" आई ओरडली. "तुमचे बाबा गेले!"

"कोण म्हणालं?"

"या म्हणून राहिल्या ना!"

बाबांनी आत्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मग ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांना रडताना बघून आंटीही रडायला लागल्या. म्हणजे दोन्ही बाजूंची खात्री पटली! त्यांना बाबांचं डोकं बघून आणि आम्हाला त्यांचे डोळे बघून.

बघता बघता अंगण भरलं. कुणी सतरंजी आणली, कुणी बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होतं. मलाही ते खरंच वाटलं होतं. पण मला गप्प राहून बघायची सवय आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी बाबांच्या डोक्याकडे बघतो आणि मग चेहरा पाडतो, हे माझ्या लक्षात आलं. कुणालाच कुठूनही बातमी आलेली नव्हती. बातमी मीच कापून ठेवली होती!

आता हे सांगायचं म्हणजे भरल्या अंगणात बोलायचं. मी सगळा धीर गोळा केला.

"आंटी, वो बाल..."

"रो ले बेटा, रो ले," म्हणत आंटींनी माझं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. झालं माझं भाषण!

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबली. मटारची पिशवी सांभाळत आजोबा उतरले. अंगणातली गर्दी बघून त्यांनी चपला बाहेरच काढल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

आजोबांची नजर बाबांच्या डोक्यावर गेली.

"अरे, हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठी!" बाबा ओरडले आणि चादरीसकट जाऊन त्यांना मिठी मारली. आई हसत होती की रडत होती, तिचं तिलाच माहीत. मिश्रा आंटी खांबाला टेकल्या. "बाबूजी... आप?"

"हम ही हैं," आजोबा म्हणाले. "मटर लाए हैं."

मग सगळे आमच्याकडे वळले. आई-बाबा माझ्याकडे वळले. पळायला जागा नव्हती.

"मैंने काटे हैं!" मी जोरात म्हणाले. "बाल मैंने काटे हैं! कोई नहीं मरा!"

इतक्या लोकांसमोर मी कधीच बोलले नव्हते. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग अख्खं अंगण हसायला लागलं. सांत्वनाला आलेली मंडळी सतरंजीवरच बसून आमचे मटार सोलायला लागली. आजोबा प्रत्येकाला "माझ्याबद्दल काय काय चांगलं बोललात, पुन्हा सांगा" म्हणत फिरत होते. बाबा त्यांचा हात सोडायलाच तयार नव्हते.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "बाबा, मग क्लास?"

"कोर्सला जा तू," बाबा डोळे पुसत म्हणाले. "माझे बाबा घरी आहेत, मला दुसरं काही नको. आणि अशा हातानं तुला मोकळं सोडणं गल्लीला परवडणार नाही."

कोर्स चालू आहे. आई स्वतः जाऊन गार्ड घेऊन आली. आता कुणी मला विचारलं, नवशिक्याला कोणकोणतं सामान हवं, तर मी न लाजता सांगते: कात्री, कंगवा, गार्ड, रंगीत केप, आणि गिऱ्हाइकाचे वडील. ते समोरच्या खुर्चीत, सगळ्या गल्लीला दिसतील असे बसलेले हवेत. शक्यतो बोलत असलेले!