शुक्रवारचे ब्रेकआउट

माझ्या नवऱ्याला शेअरमध्ये दिसणारे सगळे ब्रेकआउट शुक्रवारीच व्हायचे. हे लक्षात आलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तो इथे आखातात रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर. पहाटे कंपनीची बस त्याला अबू हमूरच्या आमच्या घराजवळून उचलते, आणि प्लांटच्या आत फोन न्यायला बंदी. इथे शुक्रवारी सुट्टी, पण मुंबईचा शेअर बाजार मात्र चालू. त्यामुळे आठवड्यातून तो एकच दिवस त्याचा. इथल्या दुपारी एकला बाजार बंद होईपर्यंत त्याला जेवायला हाक मारायची सोय नव्हती.

त्यातलं गणित त्यानेच मला समजावलं होतं. शेअर एकाच भावाला तीन-चारदा धडकून मागे फिरला की तिथे आडवी रेघ मारायची, तिला म्हणे रेझिस्टन्स. पुढे कधी तो भरपूर खरेदी-विक्रीसह, म्हणजे व्हॉल्यूमसह, ती रेघ ओलांडून वर बंद झाला, तर तो खरा ब्रेकआउट. नाहीतर फसवा. ऐकायला सगळं चोख. पण बाजार काय आमच्या सुट्ट्या बघून चालतो?

मी दुहैलच्या शाळेत गणित शिकवते. मागचं उत्तर बघून गणित जुळवणारी पोरं मला दुसऱ्या ओळीतच कळतात. एका शुक्रवारी मी चहाचा ट्रे उभा करून लॅपटॉपवरच्या जुन्या चार्टचा उजवा, म्हणजे पुढच्या दिवसांचा, अर्धा भाग झाकला आणि म्हटलं, "पुढचं न बघता मार बरं रेघ."

त्याने मारली. ट्रे काढला, तर भाव रेघेच्या आसपासही फिरकला नव्हता.

"तू ट्रे धरलास, माझं कॉन्सन्ट्रेशन गेलं," तो म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं! मी हसले, पण वरवरच. कारण हल्ली तो राजीनाम्याची भाषा बोलायला लागला होता. गावी जाऊ, घरी बसून ट्रेडिंग करू, म्हणे. एक मोठा ब्रेकआउट टिकला की झालं.

तो मोठा ब्रेकआउट एका पंप बनवणाऱ्या कंपनीत आला. अर्थातच शुक्रवारी.

"खलास! तुटला रेझिस्टन्स!" तो हॉलमधून ओरडला. "उद्याच राजीनामा लिहितो."

मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून, गॅस बंद करून बाहेर आले. सकाळी चहा देताना मी ती रेघ नीट पाहून ठेवली होती. दिवसाचा भाव दाखवणाऱ्या पट्ट्यांतल्या सगळ्यात उंच लाल कँडलच्या डोक्यावरून जात होती. आता ती तिच्या कमरेवर आली होती.

"रेघ खाली सरकवलीस तू."

"जरा ॲडजस्ट केली."

"व्हॉल्यूमही नाहीये. तूच शिकवलंस ना मला?"

त्याने माऊसवरचा हात काढून घेतला. एरवी दहा कारणं तोंडपाठ असतात त्याची. मला राग आवरेना. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तुला इथून जायचंय का?"

"हो," तो म्हणाला. "कंटाळलोय मी. ती बस, ती धूळ, सगळंच नको झालंय."

"मग सरळ सांगायचं होतंस. हे शेअरचं नाटक कशाला?"

"तुला इथे आवडतं. तुझी शाळा आहे, इथे तू खूश असतेस. मी नुसतं 'जाऊया' म्हटलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." त्याने लॅपटॉप मिटला. "मला असं काहीतरी हवं होतं, ज्याला तुला नाही म्हणता येणार नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. मला जायचं नव्हतंच. त्याच्या एकेका ब्रेकआउटला मी इतके शुक्रवार तडातडा नाही म्हणत आले होते. आता तो समोर बसून उत्तराची वाट बघत होता, आणि माझ्या तोंडून ते 'नाही' निघेना.