सुखदेव आजारी नव्हता

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली तेव्हाही तिला ठाऊक नव्हतं. मुलांना नाही. देवापुढेसुद्धा नीट शब्दांत कधी म्हटलं नाही. हात जोडायचे आणि भलतंच काहीतरी पुटपुटायचं, असं चालत आलं. आता ऐंशी ओलांडली. कोणाची भीती उरलेली नाही. मग इतकी वर्षं कोणाची होती? तेच लिहायला बसलो आहे.

निमित्त असं घडलं. आमच्या जुन्या वसतिगृहाची स्मरणिका निघायची आहे. दोन तरुण मुलं घरी आली. चांगली होती, येताना पेढे घेऊन आली. म्हणाली, आजोबा, ‘वसतिगृहातलं विद्यार्थी-नेतृत्व आणि सहजीवन’ यावर दोन पानं लिहून द्या, तुम्ही त्या काळात सगळ्यांची एक पंगत केलीत, आमच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. निघताना त्यातला एक माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत — तोंड भरून आशीर्वाद दिला! या गोष्टीची चीड मला गेले आठ दिवस झोपू देत नाही.

मुलं गेल्यावर कागद पुढे ओढला आणि नेहमीचं वाक्य आपोआप उमटलं: ‘आमच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि पाळीपाळीने सर्वांना वाढत.’ हे वाक्य मी हेडमास्तर असताना दरवर्षी पोरांपुढे म्हटलं. सत्काराला म्हटलं. दर वेळी टाळ्या घेतल्या. त्यातलं ‘जेवत’ खरं आहे. ‘वाढत’ खोटं आहे. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलाय म्हातारा? ऐका मग.

मी अमरावतीला कॉलेजात आलो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कारभार नागपुरातून चालायचा, आणि अकोला-यवतमाळ-बुलढाण्याची पोरं शिकायला तिथेच यायची. मी चांदूर बाजारकडचा. जातीचे आम्ही माळी. वांगी, मेथी, झेंडू पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी आईने गोणपाट अंथरून विकायला बसायचं. वसतिगृह एका संस्थेचं होतं. नाव लिहीत नाही. चाळीसेक मुलं. पहिल्या वर्षी आत जेवणघरात ब्राह्मणांची आणि बड्या घरची मुलं बसायची, आणि आम्ही बाकीचे बाहेर पडवीत. आतलं उरकलं की आमच्याकडे वाढप यायचं. भात गार झालेला. वाढणारा वरून पोळी टाकायचा — हो, टाकायचा. माझ्या ताटाला त्याचा हात लागू नये म्हणून. कधी ती ताटाबाहेर पडायची. मी उचलून खायचो.

दुसऱ्या वर्षी मी भांडलो. खोल्या-खोल्यांतून फिरलो, अर्ज केला, सह्या गोळा केल्या, संस्थेच्या मंडळींपुढे उभा राहून बोललो. आवाज माझा बरा होता. सुपरिंटेंडेंट म्हातारे, नियमाने चालणारे गृहस्थ, त्यांना पटलं. मुलांनी मला सेक्रेटरी निवडलं. एक पंगत झाली. आणि वाढायलाही सगळ्यांनीच, रोज चौघांनी, पाळीने — ही अट मी घातली होती. माझीच कल्पना. जेवणं एकत्र झाली तरी वाढणारा हात एकाच जातीचा राहिला तर काय बदललं, असं मी त्या भाषणात म्हणालो होतो. पाळीची वही सेक्रेटरीकडे असायची. रोज सकाळी त्यातली चार नावं मी जेवणघराच्या दाराशी फळीवर खडूने लिहायचो. माझी पाळी आली की पोरं ओरडायची, “आज वरण वाढतो का भाषण, रे?” मला ते फार आवडायचं. फारच.

तिसऱ्या वर्षी सुखदेव आला.

अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या महारवाड्यातला. मॅट्रिक अकोल्याला झालेला, उंच, अंगाने कणखर, हुतूतूत एकदा पाय धरला की सुटायचं नाव नाही. अकोल्यात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की अमरावतीला एक बोर्डिंग आहे, तिथे सगळे संगं जेवतात. म्हणून तो आमच्याकडे आला. दुसरीकडे त्याला राहायला जागाच नव्हती — गावात खोली मिळायची नाही, नातलग जवळ नाहीत. वसतिगृह म्हणजे त्याचं कॉलेज. हे सुटलं की ते सुटलं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी मी बसलो. एवढं खरं. दोघे-तिघे उठून गेले, बाकीचे जेवले. आठवड्याने त्याची वाढायची पाळी येणार होती. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहून विचारू लागला, “पंगतीत उजवीकून सुरू करू का डावीकून? वरण पयले का पोळी?” त्याने धोतर धुवून वाळत घातलं होतं. घरी लग्नकार्य असावं तशी त्याची तयारी. मी म्हणालो, “जसं जमेल तसं कर, गड्या.” तेव्हा मनापासून म्हणालो. निदान मला तसं वाटतं. आता माझ्या कुठल्या वाटण्यावर मी विश्वास ठेवू?

त्याच संध्याकाळी आचारी माझ्या खोलीत आला. त्याला आम्ही सगळे महाराज म्हणायचो. हातातला झारा तसाच घेऊन आला आणि म्हणाला, “सेक्रेटरी, उद्या त्यानं वरणाच्या बादलीले हात लावला, का मी दुपारच्या गाडीनं घरी. आन एक आयका. तुमाले वाढू देतो, हेच लय समजा.”

त्याच्यामागे दारात अकरा मुलं उभी होती, त्याच्याच बाजूची.   दीड महिन्याने कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची निवडणूक होती, मी उभा राहणार होतो, आणि त्या अकरांचे चुलतभाऊ-मावसभाऊ कॉलेजभर पसरलेले होते. माळ्याचं पोर अख्ख्या कॉलेजचा सेक्रेटरी! आईला मी पत्राने कळवूनही टाकलं होतं, जणू झालोच.

‘तुमाले वाढू देतो’ — हे शब्द कानात शिरले आणि मला पुन्हा ती पडवी दिसली. दिसायला काय हवं होतं? की आज तिथे सुखदेवला बसवताहेत. मला दिसलं एवढंच, की मला परत तिथे बसवतील.

मी वही उघडली. त्याच्या नावापुढे लिहिलं: आजारी. आणि खालचं नाव वर घेतलं.

बस. एवढंच. तीन अक्षरं. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, कोणी कोणाला उठवलं नाही. किती सभ्यपणे झालं बघा! सकाळी फळीवर आपलं नाव नाही हे पाहून सुखदेव आला. मी म्हणालो, एक आठवडा थांब, महाराज जरा तापलाय, तोवर मी वहीत आजारी लिहिलंय. तो हसला. म्हणाला, “मी त ठणठणीत हावो. बरं, एक हप्ता.” त्याने मला सूट दिली. माझ्यावर भरवसा होता त्याचा — त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

पुढची पाळी आली, पुन्हा आजारी. तिसरी, आजारी. चौथ्या वेळी त्याने विचारलंच नाही, आणि त्याने विचारलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. हे वाचून तुम्हाला माझी किळस यावी. मला येते. पाचव्यांदा लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. निवडणुकीच्या गडबडीत होतो, उभ्याउभ्या लिहिलं. दरम्यान गावात सभा झाली की मी जाऊन सांगायचो, आमच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं पाळीपाळीने वाढतात.

निवडणूक मी जिंकलो. त्यानंतर आठच दिवसांनी सुपरिंटेंडेंटांनी मला वही घेऊन बोलावलं. सहामाही संपत आली होती, जागा कमी पडत होत्या, कोणाला ठेवायचं ते ठरवायचं होतं. त्या वर्षी गावात क्षयाचे रोगी निघाले होते आणि संस्थेने फर्मावलं होतं की वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलाला वसतिगृहात ठेवू नये. त्यांनी पानं उलटली. चष्मा वर केला. पाच ठिकाणी बोट ठेवलं. सुखदेवला बोलावणं गेलं. तो आला, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

“हे तुमच्या हातचं आहे?” त्यांनी मला विचारलं.

“हो, सर.”

“हा मुलगा आजारी असतो?”

सुखदेवनेच आधी उत्तर दिलं. “मले काई नाई झालं सायेब. याले इचारा ना.”

याले इचारा. म्हणजे मला. तो माझ्याकडे वळला, अगदी निश्चिंत. त्याला वाटलं, झालं, आता हा सांगेल आणि मिटेल. काय सांगायचं होतं? एवढंच — सर, तो धडधाकट आहे, मी भीतीने खोटं लिहिलं. सेक्रेटरीपद गेलं असतं. कदाचित निवडणूकही रद्द झाली असती. पोरं हसली असती. आणखी काय झालं असतं? मी मेलो असतो का?

मी म्हणालो, “हो, सर. असतो.”

म्हाताऱ्याने डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. नका म्हणू. त्यांना ते सोयीचं पडलं असेल, नसेल, त्यांच्यावर मी एक कण ढकलणार नाही. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. तो मी कशावर मिळवला होता — समतेवर!

 सुखदेव खोलीत गेला, वळकटी बांधली. फाटकापर्यंत मी त्याच्यामागे गेलो. का गेलो ठाऊक नाही. काहीतरी समजुतीचं बोलायचं असेल. तो थांबला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, “सेक्रेटरी, मले काय झालं व्हतं, ते त सांगून दे. घरी माय इचारन ना.”

 त्याने थोडी वाट पाहिली आणि तो गेला.

काळच तसा होता, असं लोक म्हणतात. मीही म्हणत आलो, दुसऱ्यांच्या बाबतीत. काळाने वही लिहिली का? काळाला निवडणूक लढवायची होती? महाराज तरी उघड बोलला, झारा हातात घेऊन तोंडावर बोलला. ते अकरा दारात उभे राहिले, तेही सगळ्यांना दिसले. मी मात्र दिसलो तो फक्त व्यासपीठावर. आणि पडवीत गार भात खाल्लेला माणूस मी! ज्याला ते कसं लागतं हे माहीत होतं, असा त्या संध्याकाळी माझ्या खोलीत मी एकटा होतो. लोक विचारायचे तेव्हा मी उसासा टाकून सांगायचो, आमच्यात एक सुखदेव म्हणून होता, हुशार, पण बिचाऱ्याला प्रकृतीमुळे शिक्षण सोडावं लागलं. बिचारा! हे मी चाळीस वर्षं सांगितलं. पाच वेळा वहीत लिहिलेलं पुरलं नाही, म्हणून.

तो लगेच हरला नव्हता, हेही लिहून ठेवतो. बडनेऱ्याला ओळखीतून कोणाच्या तरी ओसरीवर जागा मिळवली आणि तिथून रोज पायी कॉलेजला येऊ लागला. सकाळच्या तासाला मला फाटकाशी दिसायचा. पोटऱ्यांपर्यंत धूळ, पुस्तकं फडक्यात बांधलेली, वेळेवर. एकदाही त्याने मला अडवलं नाही. मी मागच्या बाजूने, माळ्याच्या झोपडीकडच्या वाटेने आत जायला लागलो. जानेवारीच्या मध्यापासून पुन्हा पुढच्या फाटकाने जाऊ लागलो, कारण तो यायचा बंद झाला होता.

कुठे गेला, काय झालं, मी विचारलं नाही. अकोल्याला पुढे मी सहा वर्षं नोकरीत होतो. त्याचं गाव मला माहीत होतं. गेलो नाही.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा यादीत त्याचं नाव मी शोधत होतो, असं एका सत्काराच्या भाषणात गळा भरून सांगितलं होतं. शोधलं नव्हतं. माझं नाव सापडलं आणि मी पुढचं वाचलं नाही.