जेवढं मोजलं तेवढंच

चौगुले मॅडम "पाणी चांगलं आहे" असं कधी म्हणाल्या नाहीत. कुणी बाटली आणून विचारलंच, तर म्हणत, "ऑक्सिजन किती हाय ते विचार. चांगलं-वाईट मला कळत न्हाय." कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण बोली शाहूवाडीचीच राहिली. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो.

आमचं उपकरण म्हणजे ऑप्टिकल फायबर, केसासारखी बारीक काचेची तार. टोकाला एक रंग लावलेला. आतून निळा प्रकाश सोडला की तो रंग लाल चमकतो. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असला, तर चमक मंदावते. नसला, तर वाढते.

एके दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून सर्जेराव आले. त्यांच्या शेततळ्यातले मासे मरत होते. बांधावरून भांडण झालेल्या धाकट्या भावावर, तानाजीवर, त्यांचा संशय; तसं ते गावभर सांगतही होते. "त्यानंच विष घातलंया, मॅडम."

आम्ही गेलो. काठावर गाव जमलेलं. पाणी शेवाळानं हिरवंगार, उरलेले मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. मॅडमनी फायबर तळाशी सोडली. उपकरणाच्या पडद्यावरची, चमक दाखवणारी रेघ वर चढली.

"ऑक्सिजन जवळजवळ संपलाय. एवढ्यावर मासा जगत न्हाय, विष असू दे न्हायतर नसू दे."

तानाजी पुढे आला. "मग विष न्हाय म्हणून सांगा की समद्यास्नी."

"ते मी मोजलेलं न्हाय."

त्याचा चेहरा पडला. मी हळूच म्हणालो, "मॅडम, एका वाक्यानं भांडण मिटेल."

"आणि उद्या कुणी खरंच विष घातलं, तर माझं कोण ऐकंल?"

मग पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांनी पंप लावायला सांगितला. पाइप जड होता. "तानाजी, तिकडनं धर." दोघा भावांनी दोन टोकांनी तो उचलला. फवारा सुरू झाला आणि बऱ्याच वेळानं रेघ खाली येऊ लागली. मासे खोल गेले.

विषाच्या तपासणीसाठी पाणी मॅडमनीच दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवलं. विष निघालं नाही. ते सांगायला त्या स्वतः गावात गेल्या आणि सर्जेरावांना चावडीसमोर म्हणाल्या, "आळ चारचौघांत घेतलासा, आता चारचौघांतच मागं घ्या." सर्जेरावांनी खाली मान घालून तो मागे घेतला.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. शोकसभेत सर्जेराव आणि तानाजी एकाच बाकावर बसले होते. एकमेकांशी बोलतात का, ते मला माहीत नाही.