आम्ही दोघी मिळून एक बाई

हिराक्काच्या सुनेचा फोन आला तेव्हा माझ्या हातावर भाकरी होती. "आत्या गेल्या," ती म्हणाली. मी भाकरी तव्यात टाकली आणि तशीच उभी राहिले... करपल्याचा वास बाहेर गेला म्हणून हॉटेलचे मालक आत आले. ऐकून म्हणाले, "पण हिराबाईंनी कालच कळवलं होतं दवाखान्यातून. रविवारी मला धरू नका म्हणून." रडता रडता मला हसू फुटलं. बाई जातानासुद्धा रजा सांगून गेली होती.

पानशेतला धरणाकाठी आमचं हॉटेल. शनिवार-रविवार पुण्याची माणसं चुलीवरच्या भाकरीसाठी येतात. पूर्वी मालकांचा फोन यायचा, "लगेच या." हातातलं टाकून आम्ही धावायचो. गिऱ्हाईक नसलं की तासाभरात, "जा आता." मग त्यांनीच ठरवलं, सकाळी सात ते रात्री दहा, भाकरीला एकच कायमची बाई. हिराक्काकडे दोन म्हशी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, माझं पोर दुसरीत. पूर्ण दिवस दोघींनाही जमणारा नव्हता. मी गप्प बसले. हिराक्का मार्गासनीची लेक, तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं.

"मालक, आमी दोघी मिळून एक बाई," ती म्हणाली. "दुपारपातूर ही, दुपारनं मी."

"एका जागेला दोन बाया? मग चूक झाली तर धरायचं कुणाला?"

"भाकरी फुगली तर मला, करपली तर हिला."

मालक हसले आणि अडकले. पुढं कायम ते आम्हा दोघींनाही 'हिराबाई' म्हणायचे. एकदा दुपारी हिराक्काला म्हणाले, "हिराबाई, सकाळी तुम्ही बारीक दिसत होता." ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

काम वाटून मिळालं, पण 'लगेच या' आणि 'जा आता' काही सुटलं नाही. मग भातलावणीचे दिवस आले. तेवढ्यापुरती आम्ही एकेका दिवसाची पाळी लावून घेतली. एका रविवारी मला वाटलं आज पाळी तिची, तिला म्हणे वाटलं माझी. दोघीही आपापल्या खाचरात. इकडे हॉटेलात बसभर पाहुणे. मालक स्वतः परातीशी बसले. त्या दिवशी पुण्याच्या लोकांनी जे खाल्लं, त्याला वेल्ह्याच्या डोंगरांचे आकार होते म्हणतात. शेवटी मालक मोटरसायकलवरून हिराक्काच्या बांधावर आले. ती गुडघाभर चिखलात उभी, हातात रोपांची मूठ.

"हिराबाई, चला हो!"

"येते की. आदी लिवून द्या."

तिनं सांगितलं तसं बिलाच्या पाठीवर मालकांनी लिहिलं. आठवड्याच्या पाळ्या गुरुवारी सांगायच्या. बोलावलं तर परत पाठवायचं नाही. लावणीला आणि कापणीला रजा. हिराक्कानं ते दोनदा वाचलं, सही घेतली, मगच चिखलाचे पाय धुतले.

पाळी विसरल्याचं ओझं मी कितीतरी वर्षं वागवलं. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, ती सलाईनच्या हातानं मला जवळ बोलावून म्हणाली, "सुमे, त्या दिशी पाळी माजीच हुती. मला ठावं हुतं."

"अक्का! आन् मी इतकी वर्सं मालकाची माफी मागतीया!"

"म्हून तर चूक खरी वाटली त्यास्नी," ती म्हणाली, आणि खोकला येईपर्यंत हसली.

हिराक्काच्या जलदान विधीला मालक बुद्धविहारात आले, ऐन रविवारी चूल बंद ठेवून. मागं बसून त्यांनी डोळे पुसले. निघताना चाचरत विचारलं, "सुमनबाई, आता पूर्ण दिवस कराल का?" पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव बरोबर घेतलं होतं.

"न्हाई. अर्धाच."

"वाटलंच मला," म्हणत त्यांनी खिशातून कागद काढला. 'भाकरीसाठी अर्ध्या दिवसाची बाई पाहिजे. बोलावून परत पाठवणार नाही.' हे मात्र त्यांनी आपण होऊन लिहिलं होतं.

परवा तो वाचून दोन पोरी आल्या. एक कॉलेजात जाते, दुसरीचं बाळ अंगावरचं. कॉलेजवालीनं भीत भीत विचारलं, "ताई, अर्ध्याचं अर्धं हुईल का?"

मालकांनी कपाळाला हात लावला. मी परातीत पीठ काढलं आणि दोघींना चुलीपुढं हिराक्काच्या पाटावर बसायला सांगितलं. पाट एकच. सरकून सरकून बसल्या.